रेंजवर किती, कोर्सवर किती: नवख्या गोल्फरसाठी सरावाचं गणित

ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे एका जागी उभं राहून बॉल मारायच्या सरावाच्या मैदानावर, माझा सात नंबरचा आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) एके काळी अगदी शहाण्यासारखा वागायचा. बादलीतल्या पन्नास बॉलपैकी तीसएक तरी समोरच्या पाटीच्या आसपास पडायचे. चार महिने मी एवढंच केलं आणि मग एकदाचा कोर्सवर गेलो. पहिल्याच होलवर बॉल उतारावर थांबला, माझ्या पावलांपेक्षा चांगला वीतभर वर. असा बॉल मी तोवर कधी मारलेलाच नव्हता. मारला, तो डावीकडे झाडीत गेला. तिथून बाहेर पडायला तीन फटके, मग बंकर (वाळूचा खड्डा), मग ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, तीन पट, म्हणजे बॉल घरंगळवत मारायचे फटके. त्या होलवर एकूण अकरा. शहाणा आयर्न बॅगेत जाऊन बसला आणि उरलेला वेळ मी सोबतच्यांची माफी मागत फिरलो.

याच्या नेमकी उलट माणसंही भेटतात. रेंजकडे फिरकायचं नाही, दर आठवड्याला १८ होल खेळायचे, आणि तीन वर्षांपूर्वीचा स्लाइस आजही तसाच. बॉल उजवीकडे वळतो म्हणून ते डावीकडे तोंड करून उभे राहतात. मग क्लब बॉलवरून आणखीच आडवा जातो आणि स्लाइस आणखी वाढतो. इतकी वर्षं खेळून त्यांनी सुधारलं काय, तर उभं राहायची दिशा.

दोघांचीही मेहनत कमी नाही. अडचण एवढीच, की रेंज एक गोष्ट शिकवते आणि कोर्स दुसरी, आणि इथला निरोप तिथे पोचवणारं कोणी नसतं. वेळेची वाटणी किती टक्के हा प्रश्न सगळे विचारतात. तो विचारायला हवाच, पण निरोप्याची सोय केली नाही तर कुठलीही वाटणी फळत नाही.

आधी थोडी आकडेमोड

पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत असे फटके, पार-थ्री होलला तीन. पार ७२ च्या नेहमीच्या कोर्सवर साधारण चार पार-थ्री, दहा पार-फोर आणि चार पार-फाइव्ह होल असतात. म्हणजे पार-थ्री सोडले तर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) बाहेर काढायची वेळ जास्तीत जास्त १४ वेळा येते. राउंडला चार तास धरले तर दोन ड्राइव्हमध्ये सरासरी १७ मिनिटं जातात. रेंजवर १७ मिनिटांत आपण तीस ड्राइव्ह मारून मोकळे होतो. त्यातला तिसावा चांगला लागतो यात नवल ते काय, आधीच्या एकोणतिसांनी त्याला वाट दाखवलेली असते. कोर्सवर प्रत्येक ड्राइव्ह हा त्या दिवसाचा पहिलाच असल्यासारखा असतो. मधल्या वेळात तुम्ही चाललेले असता, रफमधून, म्हणजे उंच गवतातून, बॉल खणून काढलेला असतो, एक सोपा पट हुकवून मनातल्या मनात चिडलेले असता.

१९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना हाताने लाकडी फळ्या ठरावीक क्रमाने पाडायला सांगितल्या. असे तीन वेगवेगळे क्रम होते. एका गटाने एक क्रम पूर्ण घोटून मगच पुढचा घेतला, दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम उलटसुलट मिळाले. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. काही दिवसांनी परत परीक्षा घेतली तेव्हा मात्र दुसऱ्या गटाच्या लक्षात जास्त राहिलं होतं. रेंजवर एकाच क्लबने पन्नास बॉल मारताना जो आत्मविश्वास येतो, तो पहिल्या गटाचा आत्मविश्वास आहे.

त्यात भर म्हणजे रेंजची मॅट. क्लब बॉलच्या दोन बोटं मागे आपटला तरी मॅटवरून घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो. हीच चूक गवतावर झाली की क्लब मातीत रुततो आणि बॉल चार पावलांवर जाऊन पडतो. माझे ते तीस चांगले आयर्न खरे किती होते, याचा मी आता हिशोब करत नाही.

म्हणून रेंज वाईट असं मुळीच नाही. ग्रिप, उभं राहणं, क्लब बॉलला नेमका कुठे लागतो, या गोष्टी कोर्सवर शिकता येत नाहीत. तिथे वेळही नसतो आणि मागची चौकडी खोळंबलेली असते. हाताला वळण रेंजवरच लागतं.

पायरी पहिली: आठवड्याचे खरे तास मोजा

मनातले नाही, खरे. गेल्या चार आठवड्यांत प्रत्यक्षात किती तास मिळाले ते कागदावर लिहा. बहुतेकांचे तीन ते पाच निघतात. १८ होल खेळले की त्यातले चार एका फटक्यात संपतात, म्हणूनच नवख्याने दर आठवड्याला १८ होलचा हट्ट धरू नये. नऊ होलची राउंड दोन तासांत होते आणि उरलेला वेळ सरावाला मिळतो.

वाटणीचं माझं स्वतःचं मोजमाप असं आहे. पहिले सहा ते आठ आठवडे पाचातले चार तास सराव आणि एक तास कोर्स. तो एक तास मात्र सोडायचा नाही, मी सोडला होता आणि त्याचं फळ वर सांगितलंच आहे. संध्याकाळी कोर्स रिकामा असताना तीन-चार होल चालून या, तेवढंही पुरे. त्यानंतर, म्हणजे दहातले सहा-सात फटके हवेत जाऊन साधारण पुढच्या दिशेने पडू लागले, की निम्मं-निम्मं. वर्षभराने हे प्रमाण वहीतल्या नोंदींवरून ठरवायचं. वहीकडे येतोच.

सराव म्हणजे फक्त रेंज नव्हे, एवढं इथेच सांगून ठेवतो. चिपिंग (ग्रीनजवळून मारायचे छोटे फटके) आणि पटिंगला सरावाचा निदान अर्धा वेळ द्या. ड्रायव्हरचा दणका ऐकायला छान असतो, पण नवख्याच्या राउंडमध्ये पटर सगळ्यात जास्त वेळा हातात येतो.

पायरी दुसरी: कोर्सवर लवकर जा, पण छोटं खेळा

टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा. ग्रीनच्या जवळ असलेल्या, पुढच्या टीवरून खेळा. त्यात कमीपणा नाही. अमेरिकेत २०११ पासून तिथल्या गोल्फ संघटनांनीच ‘टी पुढे घ्या’ अशी मोहीम चालवली, कारण हौशी खेळाडू झेपत नाही इतक्या मागून खेळत होते. पुढच्या टीवरून तुम्ही ग्रीनपाशी कमी फटक्यांत पोचता आणि शिकण्यासारखे फटके वाट्याला येतात. मागच्या टीवरून वाट्याला येतात ते फेअरवेवरचे (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावरचे) थकवणारे, एकसारखे लांब फटके.

नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात. सुरुवातीला सहा-सात पुरतात: लांब फटक्यांसाठी एक हायब्रिड किंवा फेअरवे वुड, दोन-तीन आयर्न, जवळच्या उंच फटक्यांसाठी दोन वेज, पटर. कमी क्लब असले की कुठला घ्यावा यात वेळ जात नाही, आणि एकाच क्लबने वेगवेगळ्या अंतराचे फटके मारायला आपोआप शिकता.

प्रत्येक होलला एक मर्यादा घाला. हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) मिळण्याआधी जी स्कोअरकार्डं जमा करतात त्यात एका होलचा स्कोअर पार अधिक ५ पेक्षा जास्त धरत नाहीत. तोच नियम स्वतःला लावा. पार-फोरवर नऊ झाले की बॉल उचला आणि चला. हरवलेला बॉल शोधायला नियमाप्रमाणे तीनच मिनिटं मिळतात आणि आपली पाळी आल्यावर ४० सेकंदांच्या आत फटका मारावा अशी शिफारस आहे. सोबतचे लोक तुमचा स्कोअर विसरतील, पण तुम्ही त्यांना ताटकळत ठेवलंत तर ते लक्षात ठेवतील.

आणि हो, गाणाऱ्याचा रियाज आणि मैफल ही तुलना लोक इथे फार करतात. रेंज म्हणजे रियाज, कोर्स म्हणजे मैफल. ऐकायला बरं वाटतं, पण नवख्याला ते घातक आहे. तुमच्या पहिल्या पन्नास राउंड मैफल नाहीत, तोही रियाजच आहे. मैफल समजून गेलात की हात थरथरणारच.

पायरी तिसरी: वही

निरोप्या तो हाच. खिशात मावेल अशी छोटी वही आणि पेन्सिल. स्कोअरकार्डही चालेल, त्यावर रिकामे रकाने असतात.

प्रत्येक होलनंतर चार आकडे टाकायचे: लांबचे फटके किती (ग्रीनपासून साधारण ५० यार्डांच्या बाहेरचे सगळे), ग्रीनच्या आसपासचे किती, पट किती, पेनल्टी (बॉल पाण्यात किंवा हद्दीबाहेर गेला की वाढणारे फटके) किती. लांबच्या फटक्यांत एखादा टॉप होऊन (क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागून) जमिनीलगत गेला असेल तर त्याच्यापुढे टिंब. एवढंच. पुढच्या टीकडे चालता चालता लिहून होतं. याहून जास्त लिहायला गेलात तर तिसऱ्या राउंडनंतर वही घरी राहते. अनुभवाने सांगतो.

माझ्या एका जुन्या नऊ होलच्या राउंडचा हिशोब बघा. पार ३६, स्कोअर ५८. घरी येताना डोक्यात एकच वाक्य होतं: आज ड्रायव्हरने घात केला. वहीत होतं ते असं. लांबचे फटके २१, त्यातल्या पाचांपुढे टिंब. ग्रीनच्या आसपासचे १२. पट २१. पेनल्टी ४.

आता एकेक आकडा उघडून बघू. २१ पट म्हणजे चार होलवर तीन-तीन, चार होलवर दोन-दोन आणि एका होलवर एक. म्हणजे तीन पटांमुळे चार फटके जास्त गेले. ग्रीनच्या आसपास प्रत्येक होलला एक चिप धरली तर नऊ व्हायला हव्या होत्या, झाल्या बारा. तीन वेळा पहिली चिप ग्रीनवर पोचलीच नव्हती. चार पेनल्टीपैकी तीन एकाच प्रकारच्या होत्या: समोर पाणी, ओलांडता येईल न येईल अशी शंका, आणि तरीही मारलेला फटका. पाच टॉप. ढोबळ बेरीज केली तर चार, तीन, चार आणि पाच मिळून १६ फटके. ते वाचले असते तर ४२.

आणि ड्रायव्हर? पाच टिंबांपैकी एकच टिंब ड्रायव्हरचं होतं. बाकीची चार फेअरवेवरच्या लांब आयर्नची होती. त्या आठवड्यात वही नसती तर मी रेंजवर जाऊन शंभर ड्राइव्ह मारले असते, आणि मला खात्री आहे की पुढच्या राउंडमध्ये पुन्हा ५८ झाले असते.

अशा नोंदींचं शास्त्र आता बरंच पुढे गेलं आहे. कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्याफटक्याची माहिती गोळा करून ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही पद्धत उभी केली, म्हणजे प्रत्येक फटक्याने सरासरीच्या तुलनेत किती कमावलं-गमावलं याचं मोजमाप, आणि २०११ पासून पीजीए टूर ही अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका पटिंगसाठी ती वापरू लागली. त्यांचा एक निष्कर्ष गाजला: चांगल्या आणि साध्या खेळाडूंच्या स्कोअरमधला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांमुळे पडतो. हे वाचून काही जण चिपिंग सोडून ड्रायव्हरच्या मागे लागतात. नवख्याच्या लांबच्या फटक्यांत जे नुकसान होतं ते लांबी कमी पडल्यामुळे नव्हे, तर टॉप आणि पेनल्टीमुळे होतं. म्हणजे काम ड्राइव्ह वीस यार्डांनी वाढवण्याचं नाही, बॉल हवेत आणि हद्दीत ठेवण्याचं आहे.

तीन राउंडच्या नोंदी जमल्या की त्यांतली सगळ्यात मोठी गळती शोधायची. पुढचे दोन आठवडे रेंजवर तेवढी एकच गोष्ट. एका राउंडवरून निर्णय घेऊ नका. एखादा दिवस नुसताच वाईट असतो.

पायरी चौथी: सरावाचा एक तास कसा घालवायचा

बॉल कमी घ्या. तासाला पन्नास भरपूर झाले. शंभर घेतले की शेवटचे साठ दमलेल्या हातांनी मारले जातात आणि दमलेले हात चुकीचंच वळण घेतात.

पहिली दहा मिनिटं वेजने अर्धे स्विंग, अंग मोकळं होईपर्यंत. जमिनीवर एक काठी किंवा क्लब आडवा टाका, पावलं त्याला समांतर. रेंजवर आपण न कळत तिरके उभे राहतो आणि मग सगळा दोष स्विंगला देतो.

मग वीस मिनिटं वहीतली ती एक गोष्ट, इथे घोटणं चालतं. समजा लांब आयर्न टॉप होतात. सहा नंबरचा आयर्न घ्या, पंधरा-वीस बॉल, प्रत्येकाआधी एक हलका स्विंग बॉलशिवाय. स्विंग संपल्यावर तोल सावरून तीन मोजेपर्यंत उभं राहता आलं का, एवढंच बघायचं. बॉल कुठे गेला ते नंतर. मॅट असेल तर तिचा खोटेपणा पकडायची एक युक्ती आहे: बॉलच्या वीतभर मागे घडी घातलेला रुमाल ठेवा. क्लब रुमालाला लागला तर तो फटका गवतावर फसला असता, बॉल पाटीजवळ पडला तरी.

पुढची पंधरा मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात आणि रेंजवर ती देणारे फार कमी दिसतात. रेंजवरच कोर्स खेळा. ओळखीच्या कोर्सचा पहिला होल डोळ्यांसमोर आणा. दोन खुणांमध्ये फेअरवे कल्पा आणि ड्रायव्हर मारा. उजवीकडे गेला? मग तुम्ही रफमध्ये आहात, झाडाखालून काढायचा आहे, बुटका फटका मारा. मग वेज. एकही क्लब सलग दोनदा हातात घ्यायचा नाही. प्रत्येक फटक्याआधी बॉलच्या मागे जाऊन दिशा बघायची, श्वास सोडायचा, मग उभं राहायचं. नऊ होल सत्तावीस-अठ्ठावीस बॉलमध्ये होतात, वेळ नसेल तर पाचच होल खेळा. फटके आधीपेक्षा वाईट बसतील. तसंच व्हायला हवं. फळ्या पाडणारा दुसरा गट आठवा.

शेवटची पंधरा मिनिटं चिपिंग ग्रीनवर, एकच बॉल घेऊन. ढीगभर बॉल घेतले की दहावी चिप सुंदर बसते आणि आपण खूश होऊन घरी जातो, पण कोर्सवर दहावी चिप नसते. बॉल ग्रीनबाहेर कुठेही टाका, चिप करा, मग तोच बॉल होलमध्ये घाला. प्रत्येक वेळी पार दोन. नऊ जागांवरून खेळलात की पार १८. माझा पहिला स्कोअर ३१ होता. हा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहीत जा. राउंडचा स्कोअर हलायला महिने लागतात, हा आकडा आठवड्यांत हलतो आणि माणूस टिकून राहतो.

पटिंगबद्दल एक दिलासा. आठ फुटांवरून पीजीए टूरचे खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. म्हणून नवख्याने आठ-दहा फुटांच्या पटांवर जीव टाकू नये. दोन टोकं सांभाळा. तीन फुटांचे पट, होलभोवती गोल मांडून, सगळ्या बाजूंनी. आणि तीस फुटांचे लांब पट, होलमध्ये घालायला नव्हे तर होलपासून पटरच्या लांबीइतक्या अंतरात थांबवायला. तीन पटांचा आजार बहुतेक वेळा पहिल्या पटाच्या जोरात असतो, दिशेत नसतो. पाच फूट डावीकडे जाणारा पट सहसा कोणी मारत नाही, पण दहा फूट आखूड पडणारा आपण सगळेच मारतो.

पायरी पाचवी: कोर्सवरचा दिवस आधी ठरवा

घरातून निघतानाच ठरवा, आज स्कोअरचा दिवस आहे की शिकण्याचा. दोन्ही एकत्र केले की कुठलाच नीट होत नाही.

स्कोअरच्या दिवशी स्विंगची दुरुस्ती बंद. डोक्यात एकच सूचना ठेवायची, ‘तोल’ किंवा ‘सावकाश’, इतकी छोटी. फटका बिघडला की चौथ्या होलवर कोपर कुठे होतं याचा शोध लावायचा मोह होतो. तो वहीत एक टिंब टाकून तिथेच सोडायचा. सगळे फटके मोजायचे, मर्यादा पाळायची आणि पाण्यापाशी शंका असली तर अलीकडे मारायचं. कोर्सवर जे खरोखर शिकायचं असतं ते हेच निर्णय आहेत, रेंजवर पाणी नसतं.

शिकण्याच्या दिवशी कार्ड नको. मला आवडणारा प्रकार असा: कोर्स रिकामा असेल आणि तिथे परवानगी असेल तर दोन बॉल खेळायचे, प्रत्येक फटका दोनदा, आणि पुढे जायचं ते दोघांतल्या वाईट बॉलपासून. चार-पाच होलमध्येच घाम फुटतो. पण उतारावरचा बॉल, उंच गवतातला बॉल, झाडामागचा बॉल, हे सगळं एका संध्याकाळी भरपूर मिळतं. दुसरा प्रकार सोपा: ड्रायव्हर बॅगेतच ठेवून नऊ होल खेळायचे. स्कोअर फारसा बिघडत नाही, हे पाहून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

एक होल संपल्यावर आणि पुढचा सुरू होण्याआधी नुकत्याच खेळलेल्या ग्रीनवर किंवा तिच्याजवळ, आणि पुढच्या टीवर, चिप-पटचा सराव करायला नियमांची हरकत नाही, मात्र खेळ खोळंबता कामा नये. स्पर्धेत आयोजक हीसुद्धा मुभा काढून घेऊ शकतात. आणि स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजायच्या) स्पर्धेच्या दिवशी राउंडआधी त्या कोर्सवर सराव करता येत नाही. रेंज आणि सरावाची ग्रीन चालते.

राउंडआधीची वीस मिनिटं सरावात धरू नका. ती अंग तापवण्यासाठी असतात. थोडे पट मारून ग्रीनचा वेग बघा, पंधराएक बॉल मारा. त्या दिवशी बॉल उजवीकडे वळत असेल तर तो तसाच वळणार हे मान्य करून निघा. टीवर जाण्याआधी पाच मिनिटांत स्विंग दुरुस्त करायला जाणं म्हणजे परीक्षेच्या दारात नवीन धडा उघडणं.

शिकवणीनंतरचे दिवस

प्रशिक्षकाकडे जात असाल तर शिकवणी आणि स्कोअरची राउंड यांत निदान दहा दिवस ठेवा. मी एकदा शुक्रवारी ग्रिप बदलून घेतली आणि रविवारी मित्रांबरोबर पैजेची राउंड खेळलो. दुसऱ्या होलपर्यंत नवी ग्रिप टिकली, पाचव्यापर्यंत जुनी परत आली, नवव्यापर्यंत दोन्ही गेल्या. नवीन सवय लागेपर्यंत प्रमाण पुन्हा पहिल्या दोन महिन्यांसारखं करा: चार भाग सराव, एक भाग कोर्स, तोही कार्डाशिवाय.

प्रशिक्षकाला वही दाखवा. ‘स्विंग बघा’ म्हणून गेलात तर त्याला दहा गोष्टी दिसतील. ‘नऊ होलमध्ये पाच टॉप, चार लांब आयर्नचे’ म्हणालात तर तासाभराचं काम नेमकं होतं.

आठवडा वाईट गेला तर

रेंज आणि कोर्स दोन्हींना वेळच मिळाला नाही, तर रोज घरी दहा मिनिटं: सतरंजीवर तीन फुटांचे पट, एका पेल्याच्या तोंडाशी. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, बहुतेक पेले त्याहून अरुंद, त्यामुळे कोर्सवरचा होल नंतर मोठा वाटतो. आरशासमोर ग्रिप आणि उभं राहणं. एवढ्याने सुधारणा होईलच असं नाही, पण घसरण थांबते.

तीन तासच मिळणार असतील तर एक तास वरच्यासारखा सराव आणि दोन तास नऊ होल. सहा तास असतील तर दोन तास सराव, दोन तास नऊ होल आणि उरलेला वेळ नुसत्या चिपिंग-पटिंगला.

प्रमाण कधी बदलायचं

रेंजवर बॉल छान जातात, कोर्सवर जात नाहीत: रेंज कमी करा, कोर्स वाढवा. तुम्हाला आणखी स्विंगची गरज नाही, अवघड जागांची सवय हवी आहे. कोर्सवर तीच एक चूक प्रत्येक होलला होते: कोर्स दोन आठवडे थांबवा, रेंजवर जा. चुका दर होलला वेगळ्या होत असतील तर बहुधा दमणूक किंवा घाई हे कारण असतं. मग दोन्ही थोडे कमी करा. दोन्हीकडे बरं चाललं असेल तर या लेखातलं काही बदलू नका.

हँडिकॅप काढण्याइतपत आलात की मोजमाप सोपं होतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत ५४ होलची कार्डं दिली की पहिला हँडिकॅप मिळतो. हा आकडाही जास्तीत जास्त ५४ असतो. पुढे तो शेवटच्या वीस स्कोअरपैकी सर्वोत्तम आठांवरून ठरतो. म्हणजे वीसातल्या बारा वाईट राउंड हिशोबातच येत नाहीत. त्यामुळे एखाद्या वाईट दिवसाची भीती बाळगायचं कारण उरत नाही. तोवर स्वतःशीच स्टेबलफर्ड गुण मोजा: बर्डीला (पारपेक्षा एक कमी) तीन, पारला दोन, बोगीला (पारपेक्षा एक जास्त) एक, त्याहून वाईटाला शून्य. सुरुवातीला डबल बोगीला एक आणि बोगीला दोन असं स्वतःपुरतं सैल करून घ्या. एका अकराने सगळा दिवस वाया गेला असं मग वाटत नाही.

आकडे होलवरच लिहून झाले, पण राउंडबद्दलच्या दोन ओळी वहीत पार्किंगमध्येच लिहून टाका, बूट सोडायच्या आधी. घरी पोचेपर्यंत तिसऱ्या होलवर टॉप झालेला फटका ‘तसा बरा होता, जरा वारा होता’ झालेला असतो.